वजन पुसण्याआधी

माझ्या कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर, इलेक्ट्रॉनिक बॅलन्सेस’ असं छापलेलं असायचं. पण पस्तीस वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. दारातून आत निरोप जायचा तो “काटेवाले आलेत” असाच. एका संस्थेच्या नव्या पहारेकऱ्यानं तर हे ऐकून मला सरळ मागच्या बागेत पाठवलं. निवडुंगाच्या कुंड्या घेऊन कुणी येणार होतं म्हणे. मी माळ्याशी पाच मिनिटं गप्पा मारल्या आणि मग प्रयोगशाळेचा रस्ता विचारला.

काटेवाला म्हणवून घेण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. या काट्यांनी मला घर दिलं, मुलीचं शिक्षण करून दिलं, आणि एरवी ज्यांनी मला दारातसुद्धा उभं केलं नसतं अशा विद्वानांच्या शेजारी बसून चहा पाजला. तक्रार करायला फारशी जागाच नाही. फक्त एकदा, माझ्या हातून झालेल्या चुकीपायी एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती. त्या दिवशी मी नेमका कसा वागलो, हे मला स्वतःला नीट कळायला बरीच वर्षं लागली. ते सांगायला बसलो आहे. पण त्याआधी काटा म्हणजे काय ते सांगावं लागेल.

हे काम मी नारायण पेठेत अण्णांच्या दुकानात शिकलो. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. कॉलेजांतले दोन पारड्यांचे, काचेच्या पेटीतले तराजू तिथे दुरुस्तीला यायचे. बाहेर अण्णांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : ‘दुरुस्ती होईल. घाई होणार नाही.’ लोक पाटी वाचून आत यायचे आणि तरीही “कधी मिळेल?” असं विचारायचे. अण्णा नुसतं पाटीकडे बोट दाखवायचे.

नव्वद सालानंतर परदेशी माल यायला लागला आणि एके दिवशी थर्माकोलच्या खोक्यातून पहिला इलेक्ट्रॉनिक काटा आमच्या टेबलावर आला. अण्णांनी त्याला चारी बाजूंनी निरखलं.

“पारडं एकच?” ते म्हणाले. “मग दुसऱ्या बाजूला कोण?”

मी तेव्हा कंपनीचं प्रशिक्षण घेऊन आलेलो, अंगात नवी हुशारी संचारलेली. मी म्हणालो, “दुसऱ्या बाजूला त्याची आठवण, अण्णा.”

हे मी ऐट मारायला बोललो होतो, पण काट्याचं सगळं शास्त्र त्यात आलं. जुन्या तराजूत एका पारड्यात वस्तू आणि दुसऱ्यात वजन, म्हणजे खरंखोटं डोळ्यांसमोर. नव्या काट्याला आधी शिकवावं लागतं. खात्रीचं दोनशे ग्रॅमचं वजन त्याच्यावर ठेवायचं, बटण दाबायचं आणि सांगायचं, बाबा रे, याला दोनशे म्हणतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. त्यानंतर तो जगातल्या प्रत्येक वस्तूला त्या आठवणीशी ताडून पाहतो. ज्यानं शिकवलं त्याच्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास असतो. शिकवणाराच चुकला, तर काटा ती चूक चार दशांश स्थळांपर्यंत अचूक सांगत राहतो.

मांडणी करायचीही एक पद्धत आहे. टेबल दगडी हवं, लाकडी नको. खिडकी, पंखा, एसी यांच्या वाऱ्यापासून लांब. काट्याच्या पाठीशी पाणसळीचा छोटा गोल असतो, त्यातला बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत पाय फिरवायचे. मग काटा चालू करून तासभर त्याला हात लावायचा नाही. तो आतून सारखा तापला पाहिजे. या एका तासात गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. “तुम्ही नुसतेच बसलाय,” असं मला ऐकवलेल्यांची यादी लांबलचक आहे. त्यानंतर वजन चिमट्यानं उचलून ठेवायचं, हातानं नाही, कारण बोटाच्या तेलकटपणालाही वजन असतं. आणि हे सगळं काटा जिथे राहणार तिथेच करायचं. मुंबईत शिकवलेला काटा घाट चढून पुण्यात आला की चुकतो, कारण पृथ्वीची ओढ ठिकाणागणिक किंचित बदलते. घाट चढून येणाऱ्यानं पुण्याचे नियम नव्यानं शिकावेत, हे यंत्रांनाही लागू आहे.

हे नियम न पाळणाऱ्यांनीच मला पोसलं. हिंजवडीचे बाबुराव त्यातले एक. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या, घरात सोनं आलं, आणि सराफावर विश्वास नाही म्हणून त्यांनी स्वतःचाच काटा घेतला. आठवड्यात त्यांचा फोन.

“आवो, पाटली एकच हाय आन् ह्यो सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरंच सांगतो. ह्याला काय लागीर झालंय का?”

जाऊन पाहतो तर काटा दिवाणावर, मऊ गादीवर विराजमान. मी तो उचलून स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवला, बुडबुडा मधे आणला, आणि काटा शहाण्यासारखा एकच आकडा सांगू लागला.

“गादीवर माणूससुद्धा कलून बसतो, बाबुराव.”

“आसं हाय व्हय!” म्हणून ते इतके हसले की घरातली सगळी माणसं जमा झाली. पुढे दर हिवाळ्यात ते मला हुरड्याला बोलवत. शेत उरलं नव्हतं, तरी हुरडा कुठून आणायचे ते त्यांनाच ठाऊक.

एका वैद्यबाईंचा काटा रिकामा ठेवला तरी त्याचा आकडा हळूहळू वाढायचा. “पानसे,” त्यांनी फोनवर सांगितलं, “तुमचं यंत्र आता आपणहून औषध तयार करायला लागलंय. आम्ही दवाखाना बंद करावा म्हणते.” पारड्याखाली खडीसाखरेचा चुरा सांडला होता आणि मुंग्यांनी तिथे घर केलं होतं. खराडीत तेव्हा छोटे कारखाने होते. तिथल्या एका प्रयोगशाळेत शेवटचा आकडा काही केल्या स्थिर होईना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की पलीकडच्या माळावर उंच इमारतींच्या पायासाठी खांब ठोकताहेत. पुढे त्या इमारतींत संगणकाच्या कंपन्या आल्या. त्या येणार असल्याचं माझ्या काट्यांना बऱ्याच लोकांच्या आधी कळलं होतं. आम्ही मग तिकडच्या मजुरांची जेवणाची सुट्टी झाली की वजनं करायचो.

आता अण्णांच्या एका नियमाबद्दल, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. दुरुस्तीच्या अहवालात दोन रकाने असत : ‘आढळलेली स्थिती’ आणि ‘केलेले काम’. बहुतेक दुरुस्तीवाले आधी काम उरकतात आणि शेवटी दोन्ही रकाने एकदम भरतात. म्हणजे पहिल्यात काय लिहायचं ते दुसऱ्याच्या सोयीनं ठरतं. अण्णांच्या दुकानात ते चालत नसे. “आधी बघ, मग लिही, मग हात लाव,” हे त्यांचं वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. एकदा एका तराजूवरची धूळ मी सवयीनं फुंकली, तर त्यांनी मला बाहेर पायरीवर बसवलं. “ती धूळच बिघाड असेल तर? आता कुणाला विचारणार?” संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे अण्णांच्या आशीर्वादानं मी स्वतंत्र काम सुरू केलं. सगळ्यात मोठी खरेदी म्हणजे प्रमाण वजनांची पेटी. आत मखमल, त्यात चकचकीत स्टीलची वजनं उतरत्या क्रमानं बसवलेली, दोनशे ग्रॅमपासून मिलिग्रॅमच्या पातळ पत्र्यांपर्यंत, आणि सोबत प्रमाणपत्र. त्या पेटीवर माझा धंदा उभा होता. ती घरी आणली तेव्हा मी बायकोला, नीलिमाला, वजनांना हात न लावण्याबद्दल इतकं मोठं भाषण दिलं की ती म्हणाली, “मुलीच्या बारशाला एवढं सांगितलं नव्हतंत.”

त्या वर्षीची खंडेनवमी. आम्ही स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, मीटर सगळं पाटावर मांडलं. झेंडूची फुलं, हळदीकुंकू. नीलिमानं विचारलं, “पेटी उघडू का?” आणि इतकं भाषण दिलेला मी म्हणालो, “उघड की. त्यांच्याच जिवावर आपण आहोत.” तिनं वजनांकडे पाहिलं.

“सगळ्यांना नको. थोरल्याला लावते.”

असं म्हणून तिनं दोनशे ग्रॅमच्या वजनाला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. मला ते फार आवडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वजन मऊ फडक्यानं लख्ख पुसलं, निदान मला तसं वाटलं, आणि कामावर निघालो. दसऱ्यात तुंबलेली पाच कामं एका दिवसात करायची होती. अण्णांची पाटी त्या दिवशी मला आठवली नाही.

त्यातलं पहिलं काम शहराबाहेरच्या एका औषध कंपनीत होतं. कंपनी छोटी, पण गोळ्या परदेशी पाठवायच्या म्हणून मोठी धडपड चाललेली. तिकडचे तपासनीस पुढच्याच आठवड्यात यायचे होते. मी काट्याला तासभर तापू दिलं, माझं दोनशेचं वजन ठेवून त्याला शिकवलं. एरवी यानंतर मी कंपनीचं स्वतःचं वजन ठेवून ताळा पाहतो. पण त्यांच्या वजनपेटीची किल्ली ज्या केमिस्ट मुलीकडे होती ती रजेवर होती. मी म्हटलं, राहू दे. सही केली आणि निघालो.

चौथ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरांचा फोन आला. “पानसे, आपण जरा येऊन जाल का? आमच्या बाईंचं आणि आपल्या काट्याचं पटत नाहीये.”

बाई म्हणजे प्रज्ञा ओव्हाळ. तेवीस-चोवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, सहा महिन्यांच्या अजमावणीवर, म्हणजे प्रोबेशनवर, लागलेली. त्यातले पाच संपले होते. मी पोचलो तेव्हा काट्यावर लाल पट्टी होती : ‘वापरू नये’. ती पट्टी तिनंच चिकटवली होती. रजेवरून आल्यावर तिनं रोजच्याप्रमाणे कंपनीचं दोनशे ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं, तर काट्यानं ते चार मिलिग्रॅमनं कमी दाखवलं. चार मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या एका दाण्याचा जेमतेम पाचवा भाग. पण त्या काट्याला एका मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक माफ नव्हता. म्हणून तिनं काम थांबवलं, आणि तिनं थांबवल्यावर कंपनीचा सगळा मालच अडकून पडला.

मॅनेजरसाहेब शांतपणे बोलत होते. पुण्यात माणूस शांतपणे बोलू लागला की सावध व्हावं. “पानसे, काटा आपण शुक्रवारी नीट करून गेलात. सही आहे. म्हणजे चूक वजनात. वजन कमी भरतंय म्हणजे झिजलंय. ते कुणाच्या ताब्यात? यांच्या. दसऱ्याचं चिंच लावून घासलं असेल भांड्यांबरोबर, दुसरं काय!”

“आमच्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा नसते, सर,” ओव्हाळ म्हणाली. आवाज चढवला नाही. “मी आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. पेटीला कुलूप होतं.”

“मग पडलं असेल हातातून.”

“पडलेलं नाही. आणि सर, काटा चुकीचा आहे असं मी म्हटलेलंच नाही. माझं वजन आणि काटा जुळत नाहीत, एवढंच लिहिलंय.”

मॅनेजरांनी मला बाजूला, दाराशी नेलं. “हे बघा, परवा तपासनीस येताहेत. कॅलिब्रेशन चुकलं असं कागदावर आलं तर त्या काट्यावरची सगळी कामं ते उकरून काढतील. आपण नेहमीचं लिहा. ‘काट्यात दोष आढळला नाही, वापरणाऱ्यास योग्य पद्धत समजावून सांगितली.’ तुमचंही बरं, आमचंही बरं. बाईंचं पत्र मी तयार ठेवलंय. निष्काळजीपणा. अजून अजमावणीतच आहेत, फार बोभाटा होणार नाही.”

हे वाक्य आमच्या धंद्यात खरंच नेहमीचं आहे. मीही ते पूर्वी लिहिलं होतं, कधी खरं, कधी घाईत. ते वाचून पलीकडच्या माणसाचं काय होतं, याचा मी विचार केलेला नव्हता. मॅनेजर फोन घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेले. मी काट्याशी बसलो.

माझी खात्री होती की चूक तिच्या वजनातच निघणार. तसं मी तिला जरा वडीलधाऱ्या सुरात सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं.

“सर, एक करून बघू या का?” ती म्हणाली. “तुमच्या पेटीतली शंभर, पन्नास, वीस, वीस आणि दहा. पाच मिळून दोनशे होतात. ती एकत्र ठेवू या.”

हे मला शुक्रवारीच सुचायला हवं होतं. मी चिमट्यानं एकेक वजन ठेवलं. पाचही माझीच, माझ्या प्रमाणपत्राची. काट्यानं आकडा दाखवला : दोनशेला चार मिलिग्रॅम कमी. तिच्या वजनाइतकाच. धाकट्या पाचजणांनी मिळून तिची बाजू घेतली होती. म्हणजे खोटा कोण, हे उघड होतं.

ओव्हाळ खिडकीशी जाऊन नोंदवहीत तो आकडा लिहू लागली. मी माझा थोरला चिमट्यात धरून भिंगाखाली फिरवला. वजनाला वर धरायला जी बोंडी असते, तिच्याखाली मानेत बारीक खोबण असते. त्या खोबणीत, मागच्या बाजूला, वाळलेल्या कुंकवाची लाल रेघ होती.

दोनशे ग्रॅम म्हणून मी काट्याला जे शिकवलं होतं त्यात नीलिमाचं कुंकूही होतं. थोरला चार मिलिग्रॅम जड झाला होता, म्हणून खरी वजनं चार मिलिग्रॅम हलकी ठरत होती.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, नीलिमालाही नाही. मी डाव्या हातानं पेटीतलं फडकं काढलं. कोणी बघत नव्हतं. एकदा पुसायचं, काट्याला पुन्हा शिकवायचं, दहा मिनिटांचं काम. मग तिचं वजनही बरोबर दाखवलं असतं, आणि मॅनेजरांना हवं ते वाक्य लिहिता आलं असतं. धंदा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. प्रमाण वजनाला कुंकू फासून फिरणारा इंजिनिअर, अशी माझी ख्याती पुण्याच्या बाजारात दोन दिवसांत पसरली असती. फडकं हातात किती वेळ होतं, सांगता येत नाही. मला अण्णांच्या दुकानाची पायरी आठवत होती.

मी फडकं परत पेटीत ठेवलं आणि अहवालाचं पुस्तक काढलं. आढळलेली स्थिती : सर्व्हिस इंजिनिअरचे दोनशे ग्रॅमचे प्रमाण वजन चार मिलिग्रॅम जड. कारण : वजनाच्या मानेत कुंकू. कंपनीचे वजन बरोबर. वापरणाऱ्याची चूक नाही. मग ओव्हाळला बोलावलं, भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, “बघा. चूक माझी आहे.” तिनं पाहिलं, मान हलवली, आणि अहवालावर वेळ घालायची राहिली आहे तेवढं दाखवून दिलं.

मॅनेजरांनी तो कागद दोनदा वाचला. “कुंकू? हे साहेबलोकांना इंग्रजीत काय म्हणून सांगायचं?”

“कुंकूच म्हणून सांगू. मी येतो समजावायला.”

“या. येताना हळद पण आणा.”

तपासणीच्या दिवशी मी खरंच गेलो. तपासनीस वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी अहवाल समजून घेतला, वजन पाहिलं, मग एकच प्रश्न विचारला : काटा थांबवला कुणी? ओव्हाळनं हात वर केला. त्यांनी तिची नोंदवही मागवून घेतली आणि बराच वेळ वाचली. निष्काळजीपणाचं पत्र निघालं नाही. महिनाभरानं ती नोकरीत कायम झाल्याचं कळलं. मला मात्र त्या कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही. मॅनेजरांच्या जागी मी असतो तर मीही बोलावलं नसतं.

त्या शुक्रवारच्या उरलेल्या चारही ठिकाणी मी स्वतः जाऊन काटे पुन्हा शिकवले आणि कारण सांगितलं. लक्ष्मी रोडवरचे एक सराफ म्हणाले, “कुंकू लागलं होतं ना? मग शुभच झालं की. चहा घ्या.” एका प्राध्यापकांनी तासभर झापलं. सगळं झाल्यावर अण्णांकडे गेलो. अण्णा तेव्हा थकले होते, दुकानात नुसते येऊन बसायचे. त्यांनी ऐकून घेतलं.

“माझ्याकडे खंडेनवमीला पेटी उघडलेली पाहिलीस कधी?”

खरंच नव्हती. बंद पेटीवर फूल असायचं. मला वाटायचं, अण्णांना कंटाळा.

“देवाला झाकण उघडून दाखवावं लागत नाही,” अण्णा म्हणाले. “आत काय आहे ते त्याला दिसतं. अडचण आपली असते.” आणि मग, त्यांच्या स्वभावात न बसणारं, “पण लिहिलंस ते बरं केलंस.” इतक्या वर्षांत अण्णांनी केलेली ही माझी एकमेव स्तुती. ती मी जपून ठेवली आहे, आणि थोडी चोरून ठेवली आहे असंही वाटत आलंय, कारण फडक्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

वर्षं गेली. अण्णा गेले. काटे स्वतःच स्वतःला शिकवू लागले, आतच वजन घेऊन येऊ लागले. मी काम कमी करत आणलं होतं, तेव्हा एके दिवशी फोन आला. “सर, मी प्रज्ञा ओव्हाळ. ओळखलंत?” प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हिंजवडीतल्या एका कंपनीत ती आता मोठ्या हुद्द्यावर होती. काट्यांच्या नोंदींचा भाग तिच्याकडे होता. तिच्या टीमनं काटा कधी हाताळलेला नव्हता, म्हणून मी एक दिवस येऊन सगळी पद्धत दाखवावी असं तिचं म्हणणं होतं.

हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास घालवून मी पोचलो. बाबुरावांचा दिवाण नेमका कुठे होता, याचा काही पत्ता लागेना. काचेच्या खोलीत दहाबारा मुलंमुली बसली होती. मी दगड, वारा, बुडबुडा, तासभर गप्प बसणं, सगळं सांगितलं. बाबुराव आणि मुंग्याही सांगितल्या. सगळे हसले. मग त्यांनी मला त्यांचा प्रोग्राम दाखवला. पहिलाच रकाना होता ‘आढळलेली स्थिती’. तो भरल्याशिवाय कॅलिब्रेशनचं बटण उघडतच नव्हतं. अण्णा असते तर त्यांनी त्या बटणाकडे नुसतं बोट दाखवलं असतं.

त्याखाली एक प्रश्न होता : ‘वजन पुसण्याआधी पाहिले का?’ उत्तर हो किंवा नाही.

टीममधली एक मुलगी म्हणाली, “सर, ही लाइन आम्हाला ॲक्चुअली कळतच नाही. वजन क्लीन करणं चांगलंच ना? कस्टमर्स पण क्वेरी टाकतात, की आधी बघायचं कशाला. पण मॅडम ती डिलीट करू देत नाहीत.”

मी मॅडमकडे पाहिलं. ती टीमला म्हणाली, “चहा घेऊन या सगळे. आम्ही आलोच.” खोली रिकामी झाली.

“त्या दिवशी कुंकू दिसलं होतं का तुम्हाला?” मी विचारलं. “मी दाखवायच्या आधी?”

“नाही सर. मी खिडकीशी होते, तिथून कुंकू कसं दिसणार? पण काचेत तुम्ही दिसत होतात. तुमच्या हातात फडकं दिसलं.”

मी समोरच्या काचेकडे पाहिलं.

“मी तेव्हा ठरवलं होतं,” ती म्हणाली, “की यांनी पुसलं तर आपण काही बोलायचं नाही. वही मिटायची आणि राजीनामा लिहायचा. तुम्ही काटेवाले, ते मॅनेजर, मी अजमावणीवरची. माझं कोण ऐकणार होतं? घरी काय सांगायचं तेही मनात जुळवत होते. मग तुम्ही फडकं परत ठेवलंत.” ती पुढे म्हणाली, “त्यानंतर मी पुष्कळ लोकांबरोबर काम केलं, सर. फडकं परत ठेवणारी माणसं असतात, हे मला पहिल्याच नोकरीत कळलं. त्याचा फार उपयोग झाला.”

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तिची नोकरी वाचवली. ती मात्र तेव्हा काचेकडे तोंड करून, हातात पेन धरून, माझी परीक्षा पाहत नव्हती, मी काय करतो याची वाट पाहत होती. मी तिला सांगितलं की मला त्या क्षणाची लाज वाटते. ती म्हणाली, “मला नाही वाटत.”

टीम परत आली. ओव्हाळनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. “सर, नमुन्याची पहिली नोंद तुम्ही करा.” मी तारीख घातली, माझं नाव घातलं, आढळलेली स्थिती लिहिली. मग तो प्रश्न आला. मुलंमुली खुर्चीमागे उभी होती. ओव्हाळ खिडकीशी उभी होती. मला जरा वेळ लागला. स्क्रीन तसाच थांबून राहिला होता, उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडणार नव्हतं. मी ‘हो’ वर बोट ठेवलं.